दावं मालकाकडं राहतं

ती गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. स्टेजवर सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, हॉस्पिटलात पडलो होतो तेव्हा शेजारच्या पेशंटलाही सांगितली. आमच्या घरमालकांनी बैल घ्यावा तशी गिटार घेतली आणि दावं विकणाऱ्याच्याच घरी ठेवून आले, एवढीच ती गोष्ट. लोक हसतात. देवळाली प्रवरेला आजही कुणी जुना माणूस भेटला की म्हणतो, "ती गिटारीची सांगा की." मीही सांगायचो.

ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी मला जवळजवळ पहिल्यापासून ठाऊक होती. आज पुरी सांगणार आहे. मध्ये हसायच्या जागा आहेत, तिथं खुशाल हसावं. फक्त शेवटपर्यंत थांबावं.

घरमालकांना सगळा गाव आबा म्हणायचा. उंच, वाळलेले, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि खांद्यावर दोन टॉवेल. एक घाम पुसायचा. दुसरा पांढरा, लाल काठाचा, त्याला घाम लागू द्यायचे नाहीत. तो सौद्याचा टॉवेल. तरुणपणी त्यांनी काष्टीच्या आणि घोडेगावच्या बैलबाजारात दलाली केली होती. पुढं ऊस आला, कारखान्याला गाड्या लागल्या, आबांची स्वतःची चार बैलं झाली, पण बाजार काही डोक्यातून गेला नाही. जगातली कुठलीही वस्तू ते बैलासारखीच घ्यायचे. आईनं स्टोव्ह घ्यायचा म्हटल्यावर आबा बरोबर गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "पेटवून हातात घ्या आन दहा पावलं चाला." जावयाला त्यांनी नांगरटीत चालायला लावलं होतं. जावई कोपरगावच्या कोर्टात कारकून होता. बुटात ढेकळं घेऊन तो चालला, आणि लग्न झालं.

आम्ही भाड्यानं राहायला गेलो तेव्हाचं मला लख्ख आठवतं. वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. सामान अजून टांग्यातच होतं.

"मास्तर, जरा चालून दावा," आबा म्हणाले.

"म्हणजे?"

"ह्या कडंपासनं त्या कडंला. बिगीबिगी न्हाई, रोजच्यासारकं."

वडील चालले. आईनं पदर तोंडाला लावला.

"आता खोड सांगा."

वडील म्हणाले, "मी कुणाकडं काही उसनं मागत नाही."

"त्यो गुन झाला. मी खोड इच्यारली. बिनखोडीचं जनावर नसतं आन मानूसबी नसतो."

वडिलांनी विचार केला. "वहीत चूक दिसली की मला राग येतो. ओरडतो मी. झोपेतसुद्धा ओरडतो."

"हां! आता ऱ्हावा खुशाल."

खोड सांगून विकायचं, हा त्यांचा धर्म होता. एकदा त्यांनी स्वतःचा एक बैल बाजारात नेला आणि गिऱ्हाइकानं विचारायच्या आत मोठ्यानं सुरू झाले, "पान्यात बसतो. डाव्या अंगाला जुंपला तर रुसतो. कुत्रं दिसलं की गाडी रस्त्याच्या खाली." गिऱ्हाईक पळालं. संध्याकाळी बैल परत दावणीला आला. आबांची बायको म्हणाली, "तुमी बैल इकाया गेल्तात का त्याची बदनामी कराया?" आबा म्हणाले, "नंतर त्यानं केली आस्ती. त्यापेक्षा आपुनच केल्याली बरी."

पुढच्या बाजारी तो बैल सगळ्या खोडींसकट विकला गेला. तेव्हा मी बरोबर होतो. सौदा ठरल्यावर आबांनी बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. घेणाऱ्यानं आपला दोर आणलेला होताच. मी विचारलं तर आबा म्हणाले, "दावं मालकाकडं ऱ्हातं. जनावर गेलं तरी खुट्याला दावं पायजे. रिकामा खुटा बगवत न्हाई." घरी येऊन त्यांनी ते दावं रिकाम्या खुंट्याला बांधलं, आणि त्यावरून हात फिरवून जेवायला बसले.

आता माझी खोड. मला बेस गिटार वाजवायची होती.

तेव्हा गावोगाव ऑर्केस्ट्रा निघत होते. कारखान्याच्या कॉलनीतही एक निघाला. मी सतरा वर्षांचा होतो. गाणाऱ्याकडं आणि साध्या गिटारवाल्याकडं सगळे बघतात. मला मागं उभा राहून खालचे सूर धरणारा माणूस आवडायचा. तो थांबला की गाणं पोकळ होतं, आणि काय थांबलं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मी बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून एक गिटार करून घेतली होती. अंग बाभळीचं, मान आंब्याच्या फळीची. चार तारा मुंबईहून मागवल्या, आवाज उचलायची पट्टी एका रेडिओवाल्यानं बसवली. पहिल्या पावसाळ्यातच आंब्याची मान वाकली. खालचे सूर ठीक, वर गेलं की बेसूर. मी गोठ्यापलीकडच्या पडवीत वाजवायचो. आबा एक दिवस येऊन समोर उकिडवे बसले.

"तुजं जनावर चडाला लंगडतंय."

"मान वाकलीय आबा."

"मंग जुपतोस कशाला?"

"दुसरी कुठंय?"

त्याच आठवड्यात ऑर्केस्ट्राच्या चालकांनी मला बाजूला घेतलं. कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते ते, सरळ माणूस. म्हणाले, "गणपतीत आपला पहिला मोठा कार्यक्रम आहे. तोपर्यंत बरी गिटार आण. नाहीतर श्रीरामपूरचा एक मुलगा यायला तयार आहे, त्याच्याकडं चांगली आहे. मला वाईट वाटतंय, पण ह्या फळीवर मी कार्यक्रम करणार नाही."

वडिलांना सांगितलं. त्यांनी वहीतून मानही वर केली नाही. "उत्तम. अभ्यासाला वेळ मिळेल."

मी पडवीत जाऊन बसलो. भिंतीपलीकडून सगळं ऐकलेले आबा आले.

"सायकल कुनाची हाय?"

"माझी."

"इक. पायानं शाळंत जा. शुक्रवारी नगरला जाऊ."

"आबा, तुम्हाला गिटारीतलं काय कळतं?"

"काय बी न्हाई. पर घेन्यातलं कळतंय." आणि वडिलांच्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मास्तर! पोरगं माज्यासंगं नगरला येतंय. वरडायचं आसंल तर आत्ताच वरडून घ्या."

वडील ओरडले नाहीत. मला वाटतं, आबांना नाही म्हणायची त्यांना भीतीच वाटायची.

नगरला एका वाद्यांच्या दुकानात जुनी बेस गिटार विकायला आल्याचं चालकांनी सांगितलं होतं. लाल, चकचकीत. मी हातात घेतली आणि तिथंच हरलो. खालपासून वरपर्यंत सूर सरळ होते. मला तीच पाहिजे होती. आबा मात्र तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"शेठ, वय काय हिचं?"

"आबा, वस्तू आहे. वस्तूला कसलं वय?"

"मंग रंग कशापायी लावलाय?"

"दिसायला बरी म्हणून."

"बाजारात शिंगाला रंग कोन लावतं ठावं हाय का? ज्याला बैलाचं वय झाकायचं आसतं त्यो."

"अहो, ह्याला शिंगं नाहीत!"

"दिसत्यात की दोन," आबा गिटारीच्या वरच्या कोपऱ्यांकडं बोट दाखवून म्हणाले, आणि त्यांनी अंगठ्याच्या नखानं एक कोपरा खरवडला. लाल पापुद्रा निघाला. खाली तडा नव्हता, जोड नव्हता, काही नव्हतं. नुसतं स्वच्छ लाकूड होतं. आबा थोडे खट्टू झाले. दुकानदार लालबुंद झाला.

"निघा! आधी निघा दुकानातून!"

"पर शेठ—"

"चर्चच्या मागच्या गल्लीत एक जण त्याची विकतोय. तिकडं जा आणि त्याला खरवडा!"

रस्त्यात मी आबांशी बोललो नाही. हातातली गिटार गेली होती. गणपती तोंडावर आला होता, सायकल विकून झाली होती. आबा माझ्या पुढं लांब ढांगा टाकत चालले होते. न वळता म्हणाले, "घावल्याशिवाय घरी जायचं न्हाई. ध्येनात ठिव."

चर्चमागच्या गल्लीत कौलारू घरांची एक ओळ होती. दार उघडणारा माणूस तिशीचा असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवा हात पँटच्या खिशात. बोलणं मऊ, पण तुटक. भिंतीतल्या लाकडी खुंटीला कातडी पट्ट्यानं ती टांगलेली होती. तपकिरी, रंग कडेला उडालेला, मानेवर अंगठ्याच्या जागी झीज. जपानी होती. लष्करी छावणीतल्या कुणा अधिकाऱ्यानं जाताना त्याला विकली होती. त्यानं ती डाव्या हातानं उतरवली, छोट्या अँप्लिफायरची वायर डाव्याच हातानं लावली, आणि मला म्हणाला, "वाजव."

मी सर्वांत जाड तार छेडली. लांबच्या मळ्यात विहिरीवर इंजिन सुरू व्हावं तसा आवाज आला. कानाआधी तो पायाला लागला. मी वर चढलो. लंगडली नाही. पट्टा माझ्या खांद्याला थोडा लांब होता, तरी ती अंगाला चिकटून बसली. मी आबांकडं बघितलं. आबा तिच्याकडं बघत नव्हते, त्या माणसाकडं बघत होते.

"आता तुमी वाजवून दावा, पावनं."

"मी नाही वाजवणार. त्याला वाजवू द्या."

"त्यो घेनारा हाय. इकनाऱ्यानं आदी जुपून दावावं."

"माझं वाजवून झालंय."

"आवो, जरा. एक गानं."

"नाही."

"मालक सोता जुपत न्हाई म्हंजी कायतरी खोड हाय. काय खोड हाय ते सांगा, मंग आमी इच्यार करू."

"गिटारीला काही खोड नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा ताठ झाला होता. मला आबांची लाज वाटायला लागली. शिवाय हाही बाहेर काढेल अशी भीती होती. मी गिटारीवर मान घालून तारा जुळवण्याचं सोंग केलं.

आबांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, आणि आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. भोवतीच्या लोकांना काही कळत नाही.

"हात द्या," आबा म्हणाले.

त्या माणसानं डावा हात पुढं केला.

"डाव्यानं सौदा हुत न्हाई. उजवा."

आबांनी टॉवेल धरून ठेवला. मग त्या माणसानं खिशातला हात काढून सरळ टॉवेलाखाली घातला. मी तारांकडंच बघत होतो. एवढंच लक्षात आलं की टॉवेल हलत नाहीये. सौद्यात टॉवेल पाखरू अडकल्यासारखा हलतो. हा नुसता पडून होता. आबा काहीतरी पुटपुटले. मग टॉवेल किंचित हलला.

"ठरलं," आबा म्हणाले.

ते भाव पाडल्याशिवाय कधीच ठरलं म्हणत नसत. मला वाटलं, चांगलाच पाडला असणार. त्यांनी पैसे त्या माणसाच्या डाव्या हातात दिले. लक्ष्मी डाव्या हातात दिली म्हणून सख्ख्या भावाशी भांडलेला माणूस हा. मग माझ्या खांद्यावरून गिटार काढली, पट्टा सोडला, अँप्लिफायरची वायर त्याच्याभोवती गुंडाळली आणि दोन्ही भिंतीच्या खुंटीला अडकवलं.

"अहो, हे त्याचंच आहे. लागेल त्याला," तो माणूस म्हणाला.

"दावं मालकाकडं ऱ्हातं," आबा म्हणाले. "खुटा रिकामा ठिऊ ने."

त्या माणसानं खुंटीकडं बघितलं. मग आबांकडं. मग तो आत निघून गेला आणि आम्ही बाहेर आलो.

स्टँडवर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आबा, वायर!"

"कसली?"

"पट्ट्याबरोबर गुंडाळलीत ती! तिच्याशिवाय ही मुकी आहे. मी परत जाऊन आणतो."

आबांनी माझं मनगट धरलं. आयुष्यभर कासरा धरलेला हात होता तो.

"जायाचं न्हाई."

"अहो, पण—"

"खाली बस." मी बसलो. गिटार मांडीवर आडवी. "त्या मानसाची दोन बोटं न्हाईत. उजव्या हाताची. आंगठ्याच्या बाजूची दोन."

बेस त्याच दोन बोटांनी वाजवतात. मी माझ्या हाताकडं बघितलं.

"कशानं?"

"म्या इच्यारलं न्हाई. वाजवून दावा म्हनून किती येळा म्हनलं म्या त्याला. किती येळा! खोड सांगा म्हनलं." आबा समोरच्या एसटीकडं बघत राहिले. "त्यो हात खिशात ठिवतोय. म्हंजी त्याला दावायचा न्हाई. त्याला दावायचा न्हाई तर आपुनबी दावायचा न्हाई. हे तुज्या-माज्यात. कळलं?"

"हो."

"बोल तोंडानं."

"कुणाला सांगणार नाही."

"आन मागारी जायाचं न्हाई. इकल्याल्या जनावराच्या पायी त्याच्या दारात सारकं उबं ऱ्हाऊ ने. मुकी हाय म्हनतोस ना? बोलती करू."

पुढचे दिवस आबांनी ऊस, बैलं, घर, सगळं सोडलं. राहुरीच्या एका लाउडस्पीकरवाल्यानं वायर करून दिली, ती भुंग्यासारखी घुमली. दुसरी केली, ती हलवली की तुटायची. आबा त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. तो म्हणाला, "आबा, गणपतीचं लई काम हाय, उद्या या." आबा म्हणाले, "मी उद्याच आल्तो आसं समज. हितंच बसलोय." तिसरी वायर चांगली झाली. पट्टा आबांनी स्वतः वळला. पोळ्यासाठी आणलेलं सूत होतं. लाल-हिरवी चपटी वेणी घातली, टोकाला गोंडे लावले. मला गोंड्यांची लाज वाटली. काढायला सांगितले तर म्हणाले, "सनाला मोकळं जनावर काडत न्हाईत."

कार्यक्रमाला कॉलनीचं मैदान भरलं होतं. आबा पुढं सतरंजीवर धुतलेला फेटा बांधून बसले होते. पहिली तीन गाणी अशी झाली की चालक माझ्याकडं बघून हसले. माझी जागा पक्की झाली हे मला तिथंच कळलं. चौथ्या गाण्यात वीज गेली नाही, पण अँप्लिफायरचा फ्यूज उडाला. गाण्याचा माइक तेवढा चालू होता. लोक शिट्ट्या मारायला लागले. निवेदक घाबरून माझ्याकडं आला आणि गोंड्यांना हात लावत म्हणाला, "हे काय रे? बैलाचं का?"

पुढची रांग हसली. आणि मला मोह झाला.

मी माइक घेतला. आबांची ढांग चालून दाखवली. शिंगाला रंग कोण लावतं, हे त्यांच्या आवाजात म्हटलं. निवेदकाच्या हातावर रुमाल टाकून बोटं हलवली. "दावं मालकाकडं ऱ्हातं," म्हणून वायर खुंटीला अडकवली. मैदान लोळत होतं. बोटांचं मी सांगितलं नाही. दिलेला शब्द पाळला, असं मी स्वतःला म्हणत आलो. आबा सगळ्यात मोठ्यानं हसत होते. त्यांच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला एक पाहुणा बसला होता, आणि आबांनी त्याचा हात धोतराच्या सोग्याखाली धरून ठेवला होता. एवढं मला स्टेजवरून दिसलं. पाहुण्याचा चेहरा दिव्याच्या उजेडात आला तेव्हा माझी गोष्ट संपत आली होती, आणि थांबायची ताकद माझ्यात नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजमागं आला. आबांनीच त्याला बोलावलं होतं. "आपली वस्तू कशी चाललीय ते बगायला या," असा निरोप धाडला होता. त्यानं डाव्या हातानं मला वायर दिली. "ही तुझी. पट्टा मात्र राहू दिलाय घरी."

मी ती हाताभोवती गुंडाळत राहिलो.

"छान सांगितलीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं. "फक्त टॉवेलाखाली काय झालं ते तुला माहीत नाही. छापखान्यात माझी बोटं गेली त्यानंतर जो कुणी हा हात धरायचा तो दचकायचा. माझी आई दचकली. तुझे आबा दचकले नाहीत. जिथं माझी बोटं नव्हती तिथं त्यांनी स्वतःची दोन बोटं ठेवली. म्हणाले, ही धरून सांगा. मी त्यांच्या बोटांवर माझा भाव सांगितला. त्यांनी एक पैसा पाडला नाही."

मग तो गेला. शेवटची एसटी होती.

दुसऱ्या दिवशी मी आबांना गोठ्यात गाठलं. "आबा, राग आला का?"

ते वैरण टाकत होते. "कशाचा? हसू दे की लोकान्ला. हसनाऱ्याचं ध्यान हाताकडं जात न्हाई. त्यो माज्या शेजारी निवांत बसला हुता, कुनी बगितलंबी न्हाई त्याच्याकडं."

मी हे वाक्य परवाना म्हणून खिशात घातलं. ऑर्केस्ट्रा पुढं श्रीगोंद्याला गेला, संगमनेरला गेला, आणि प्रत्येक ठिकाणी चालक म्हणायचे, ती गिटारीची गोष्ट सांग. मला घेतलं होतं गिटारीसाठी. बोलावणी यायला लागली गोष्टीसाठी. मी ती वाढवत नेली. आबा गिटारीला वैरण दाखवतात, असंही एकदा घातलं.

मी तिकडं टाळ्या घेत होतो तेव्हा इकडं काय झालं, हे मला घरी परतल्यावर कळलं. काष्टीच्या बाजारात पोरसवदा दलाल आबांच्या हातावर टॉवेल टाकून विचारायचे, "आबा, गिटारी आल्यात का वं बाजाराला?" घेणारे हसायचे. सौद्यात ज्याला हसतात त्याच्या शब्दावर कुणी बैल घेत नाही. आबा एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते वाक्य त्यांचं नव्हतं, त्या माणसाच्या खिशातलं होतं. म्हणून बोलले नाहीत. हळूहळू त्यांनी बाजाराला जाणं सोडलं. पांढरा टॉवेल घाम पुसायला वापरायला लागले. मी ते बघितलं, आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा गोष्ट सांगितली.

ते गेले तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. दहाव्याला गेलो. तिथंही कुणीतरी म्हणालं, "ती गिटारीची..." आणि मी सांगितली. त्यांची बायको पदराआड हसत होती. तिलाही त्यांनी बोटांचं कधी सांगितलं नव्हतं, हे तिच्या हसण्यावरून मला कळलं.

तो नगरचा माणूसही आता नाही. त्याच्या मुलीला शोधून, विचारून मी हे लिहितो आहे. ती म्हणाली, "लिहा. घरात पप्पा हात कधीच लपवायचे नाहीत. पट्टा अजून त्याच खुंटीला आहे."

त्यानंतरच, गेल्या महिन्यात, माझी गिटार घ्यायला राहुरीकडची एक मुलगी आली होती, सोळा-सतराची. तिच्याकडची नवी पण हलकी होती, तिला जुनी आणि चांगली हवी होती. बरोबर मामा होता. माझी बोटं आता सांध्यात धरतात, वाजवणं होत नाही. तरी मी आधी खुर्चीत बसून एक गाणं वाजवलं. वाईट वाजवलं. मग खोडी सांगितल्या. तिसरी तार मानेवरच्या पाचव्या घरात खरखरते. थंडीत सूर उतरतो. तार पिळायची एक खुंटी बदललेली आहे.

"आणि हिची एक गोष्ट आहे," मी म्हटलं.

मामा खूश झाला. "ती बैलाची ना? आमच्या वडलांनी कारखान्यावर ऐकलीय. सांगा, सांगा."

मी सांगितली. टॉवेल आला तिथं मामा मांडीवर थाप मारून हसायला लागला. मी हात वर करून त्याला थांबवलं आणि टॉवेलाच्या आत गेलो. बाजारापर्यंत, दहाव्यापर्यंत सगळं सांगितलं. मामा उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मुलगी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या हातात धरून बसली होती.

"घेतेस?" मी विचारलं.

"घेते."

तिनं लाल-हिरव्या पट्ट्याला हात घातला. सूत जागोजाग विरलंय, एक गोंडा कधीच गळालाय. मी तो तिच्या हातातून सोडवून घेतला. वायर मात्र तिच्या पिशवीत टाकली.  तिनं गिटार दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि जिना उतरून गेली.

पट्टा मी भिंतीवरच्या खुंटीला अडकवला, त्यावरून हात फिरवला आणि जेवायला बसलो.